फक्त आकडा सांगा

"हात लावू नका, सायेब. त्येचा पंचनामा झालाय."

मी हात मागे घेतला. लोखंडी खांबावर माझाच डबा होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं झाकण मीच शेवटचं बंद केलं होतं. आता त्याच्याभोवती सुतळी गुंडाळलेली होती, गाठीवर लाखेचं सील होतं आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत पंचांच्या सह्यांचा कागद लटकत होता. डब्याचा छोटा पडदा मात्र नेहमीसारखा चालू होता. १.३५ असा आकडा दिसत होता. आपल्यावरून एवढं रामायण झालंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

"मला उघडायची परवानगी आहे," मी खात्याचं पत्र काढून दाखवलं. "मी कंपनीकडून आलोय. साठ्ये. हा डबा मी बनवलाय."

त्या माणसाने पत्र हातात घेतलं, जावक क्रमांकापासून सहीपर्यंत सगळं वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"मंग उघडा. पर माज्यासमोर उघडा. न्हायतर उद्या म्हनतील, मरळानं पुन्यांदा हात लावला."

ते गेनबा मरळ. कुंभळी नदीवरच्या आंबेशेतच्या चौकीवर ते बावीस वर्षं रोजंदारीवर होते. काम एकच. नदीत रोवलेल्या रंगीत पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते दिवसातून तीनदा बघायचं, वहीत लिहायचं आणि सकाळी आठ वाजता वायरलेसवरून धरणाच्या कंट्रोल रूमला कळवायचं. धरण खाली तीस किलोमीटरवर. दारं केव्हा आणि किती उघडायची ते या आकड्यावर ठरायचं.

मग आमचा डबा आला. नदीकाठच्या उभ्या नळीत एक तरंगता गोळा, त्याला तार, तारेवर चाक. पाणी चढलं की चाक फिरणार, डबा त्यावरून पाण्याची उंची काढून पडद्यावर दाखवणार आणि तासातासाला आपल्या मेमरीत लिहून ठेवणार. मरळांना लेखी हुकूम मिळाला, की यापुढे पट्टी वाचायची नाही, डब्यावरचा आकडा वाचून कळवायचा. वर्षा-दोन वर्षांत डबाच आपला आकडा पाठवू लागला असता आणि चौकीची गरज संपली असती.

पहिला पावसाळा सुरळीत गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मरळ मुलीच्या बाळंतपणासाठी माणगावला नऊ दिवस रजेवर गेले. बदली आलेल्या माणसाने हुकमाप्रमाणे डब्यावरचा आकडा कळवला. नदी सहा मीटरला टेकली होती आणि डबा साडेतीनच्या आसपास दाखवत होता. धरणाची दारं बंद राहिली, मग एकदम उघडावी लागली. खालच्या गावच्या पाणीयोजनेचं पंपघर वाहून गेलं. पंपचालक छपरावर चढला म्हणून वाचला.

मग डब्याची मेमरी उतरवून घेतली, तर तिच्यात जूनपासूनचे बरेच आकडे चुकीचे. आणि मरळांनी वायरलेसवर कळवलेले आकडे त्याच दिवसांचे वेगळेच. चौकशीचा अंदाज असा, की चौकी बंद होऊ नये म्हणून मरळांनीच डब्यात काहीतरी केलं आणि स्वतःच्या मनाने आकडे सांगत राहिले. रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी खात्यात तयार होती, आणि मरळांचं नाव तिच्यात सातवं होतं. डब्यात ढवळाढवळ झाली असं कंपनीने लिहून दिलं, तर नाव यादीतून जाणार होतं. अहवाल सोमवारी द्यायचा होता. मी शनिवारी पोहोचलो होतो.

आमचे साहेब खांबेटे यांनी मला सकाळीच घाटातल्या वळणावर फोनवर गाठलं होतं. आंबेशेतला रेंज नव्हती. जी काही होती ती त्या वळणावर.

"हेरंब, तुला खोटं काहीच लिहायचं नाहीये," ते म्हणाले. "पंचनाम्यात आहे की, स्क्रूवर ओरखडे आहेत, आतलं सील तुटलंय. तेवढंच लिही. 'डबा उघडला गेल्याच्या खुणा आढळल्या.' एक वाक्य. आपल्या नव्या साठ डब्यांच्या ऑर्डरची फाईल खात्यात वरच्या टेबलावर आहे, माहितीये ना?"

"आधी बघतो तरी."

"बघ की. बघू नको कोण म्हणतंय?"

मला ते वाक्य आवडलंही होतं, उगाच कशाला खोटं बोलू. छोटं होतं, खरं होतं, आणि लिहून झाल्यावर मला संध्याकाळच्या गाडीने घरी जाता आलं असतं. घरी जाऊन काय करणार होतो हा प्रश्न वेगळा. मी छत्तीस वर्षांचा होतो, आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि चिंचवडच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझा कुणाशी एक शब्द होत नसे. कधीकधी रविवारी आवाज शाबूत आहे का ते बघायला मी न्हाणीघरात एकदा "हॅलो" म्हणायचो.

मी लाख फोडली. झाकणाच्या एका स्क्रूवर खरोखर ओरखडे होते.

"हे कुणी केलं?"

"म्या," मरळ म्हणाले. "मार्चात आत मुंग्यांनी घर केलं व्हतं. अंडी घातली व्हती. झाकान काढलं, ब्रशनं झाडलं, झाकान लावलं. आत बोट लावलं न्हाय."

"कळवलं का नाही?"

"कळवलं की. म्हनले, मुंग्यांचं काय सांगताय."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. साठीच्या जवळ आलेला, किडकिडीत, दाढी घोटलेला माणूस. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खोटं बोलणारा माणूस मुंग्यांची अंडी कशाला सांगेल असं मनात आलं, पण माझा विश्वास लगेच बसला नाही. आपलं यंत्र चुकतं यापेक्षा माणूस खोटारडा आहे हे मानणं सोपं जातं, निदान माझ्या धंद्यात.

"मामा, ती तार धरा," मी म्हणालो. "गोळा हळूहळू वर घ्या. पाणी चढतंय असं डब्याला वाटू द्या."

ते नळीपाशी ओणवे झाले आणि विहिरीतून कळशी ओढावी तशी बेताने तार ओढू लागले. मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होतो. दोन. दोन पॉइंट साठ. तीन. तीन चाळीस. तीन अठ्ठेचाळीस. तीन एकोणपन्नास. एक ब्याण्णव.

"थांबा! तार सुटली का?"

"न्हाय. ही काय हातात हाय."

"जरा अजून."

एक ब्याण्णव. दोन तीस. मग एकदम आठ. मग तीन दहा. मरळ तार ओढत होते आणि डबा तोंडाला येईल ते बोलत होता. साडेतीन मीटरपर्यंत शहाणा, त्याच्यावर भ्रमिष्ट. ऑक्टोबरमध्ये नदी ओसरली होती म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.

"सायेब," ते ओणव्यानेच म्हणाले, "ह्ये म्या जूनपासनं बघतोय."

मी लॅपटॉप काढला, चौकीच्या ओट्यावर बसलो, केबल जोडली आणि आतल्या बोर्डावर बॅटरी मारली. मेमरीची चीप बघितली. तिच्यावरचं नाव मी निवडलेल्या चिपेचं नव्हतं.

ते दिवस मला लख्ख आठवले. डबे बनत असताना आमच्या खरेदीतले देवधर टेबलापाशी आले होते. "साठ्ये, ती चीप आता येत नाही. ही घ्या, सेम टू सेम आहे." मी एका डब्यात ती लावली, डबा चालू झाला, दोन दिवस चालला, आणि मी त्यांच्या कागदावर सही केली. त्या चिपेची माहितीपुस्तिका मी उघडली नव्हती. ती मी आत्ता, आंबेशेतच्या ओट्यावर, पहिल्यांदा वाचत होतो. दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं, की या चिपेत मेमरीच्या एका खंडात चार चुका दुरुस्त होतील अशी सोय ठेवावी. आमच्या डब्यात सोय होती एकीची. जुन्या चिपेला एक पुरत होती, म्हणून मी एक ठेवली होती. तो एकाचा चार करायला मला एखादा दिवस लागला असता.

मी चिपेतला मजकूर दुरुस्ती न करता, आहे तसा बाहेर काढला. चाकाचे फेरे मीटरमध्ये बदलायचा तक्ता जिथे होता, तिथे एका खंडात तीन चुका होत्या. एकच चूक धरून चालणाऱ्या माझ्या दुरुस्तीने त्या तिघींना एक समजून भलतीच जागा बदलली होती. म्हणजे तीन चुका काळाने केल्या होत्या, चौथी माझ्या दुरुस्तीने.

तरीही कळायला हवं होतं. चुका एका दिवसात तीन होत नाहीत. आधी एक होते, ती दुरुस्त होते, आणि दुरुस्त केल्याची ओळ यंत्र पडद्यावर दाखवतं. ते ओरडतं, माझ्याकडे बघा म्हणून. आमच्या डब्यानेही ओरडायला सुरुवात केली होती, पार पहिल्या दिवशी, खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक चालू असताना. पडद्यावर ओळ आली होती: 'दुरुस्त केले: १'. एका अधिकाऱ्याने विचारलं, "नव्या यंत्रात कसली दुरुस्ती?" खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी ती ओळ बंद केली. एका जागी शून्य लिहिलं की झालं. संध्याकाळी सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही दोन खाल्ले.

ऊन उतरेपर्यंत मी तसाच बसून होतो. मरळांनी मध्ये एकदा चहा आणून ठेवला आणि न विचारता निघून गेले.

संध्याकाळी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. "सुकट चालंल का? आडनावावरनं वाटत न्हाय."

"धावेल."

ते पहिल्यांदा हसले. चुलीपाशी दोघे जेवायला बसलो. खोलीत एक खाट, एक पत्र्याची ट्रंक, पिठाचा डबा आणि कोपऱ्यात टेबलावर, धुतलेल्या रुमालाखाली, वायरलेसचा संच. घरात देव झाकून ठेवावेत तसा तो संच ठेवला होता. बायको जाऊन अकरा वर्षं झाल्याचं त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात तीन-तीन आठवडे वरच्या अंगाला कुणी फिरकत नाही, हेही.

"मग बोलता कुणाशी?"

"सकाळी आठला," त्यांनी संचाकडे मान हलवली. "एक मिन्ट. आंबेशेत, मरळ, आकडा. तिकडनं ओके. झालं."

मग त्यांनी विचारलं, "सायेब, त्यो डबा खोटं का बोलतो?"

मला चीप, खंड, दुरुस्ती हे सगळं कसं सांगावं ते सुचेना. "तुम्ही पूर्वी वहीत लिहायचात ना, दिवसाचे तीन आकडे? शेवटी काय लिहायचात?"

"बेरीज."

"समजा वही भिजली आणि एक आकडा पुसला. कळेल कुठला होता?"

"कळंल की. बेरजेतनं दोन वजा केले की तिसरा आला."

"आणि दोन पुसले तर?"

"मंग न्हाय कळत." ते थांबले. "मंग नदीला इचारायचं, पर ती तर वाहून गेली."

"डब्याचं तेच झालं. त्याच्या मेमरीत आपोआप थोडंथोडं पुसलं जातं, प्रत्येकाच्याच जातं. एक पुसलं तर भरून काढायची सोय त्यात होती. या डब्यात जास्त पुसलं गेलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हंजे जास्तीची सोय करता येती?"

"येते. चारची करता आली असती."

"मंग येकाचीच कुनी ठरवली?"

चुलीतलं लाकूड त्यांनी आत सारलं. मी म्हणालो, "कंपनीने."

खरं तर त्याच क्षणी मला माझी लाज वाटली, पण तोंडातून शब्द गेला तो गेला. त्यांनी मान हलवली, हात धुतले आणि पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आतून पिशवीत गुंडाळलेली एक लांब वही निघाली. पीठ झटकून त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"तुमी कंपनीचं लोक. पर तुमी सुकट खाल्ली म्हनून दावतो."

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात 'डबा', तिसऱ्यात 'पट्टी'. रजेचे नऊ दिवस सोडले, तर डबा बसल्यापासून एक दिवस सुटला नव्हता. पट्टी वाचायची नाही असा लेखी हुकूम असताना हा माणूस दिवसातून तीनदा शेवाळलेल्या पायऱ्या उतरून नदीला विचारून येत होता. पहिलं वर्षभर दोन्ही रकाने सारखे. एकोणीस जूनला 'डबा २.०४, पट्टी ३.६०'. तिथून पुढे नदी चढली की रकाने वेगळे, आणि कळवलेला आकडा प्रत्येक वेळी पट्टीचा. कुणालाही न कळता दोन महिने हा माणूस माझ्या डब्याच्या चुका रोज सकाळी आठ वाजता दुरुस्त करून देत होता. ते नऊ दिवस तिथे नव्हते आणि पंपघर वाहून गेलं.

"ही वही चौकशीत का दाखवली नाही?"

"कशी दावू? हुकूम मोडून लिवलीय. वही दावली की म्या हुकूम मोडला ह्ये शाबीत. मंग यादीतनं नाव तसंबी जानार."

"पण डबा चुकतोय हे कुणाला तरी सांगायचं होतं, मामा!" माझा आवाज चढला. तो त्यांच्यावर चढला नव्हता, पण त्यांना कसं कळणार?

त्यांनी पान उलटलं आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवलं. मी वाचलं. १९ जून: 'वायरलेसवर सांगितले डबा चुकतो. म्हणाले फक्त आकडा सांगा.' २० जून: 'परत सांगितले. म्हणाले फक्त आकडा सांगा.' २१ जून: 'तेच.' २२ जूनला लिहिलं होतं: 'आकडा सांगितला.'

पुढच्या पानांच्या कडांना इतर ओळी होत्या. 'पाणी तांबडे आले.' 'वरच्या डोहात पाणमांजरांची जोडी.' 'आज पाण्याचा आवाज निराळा.' 'नात झाली, सुनंदा सुखरूप.' वायरलेसवर सांगायचं होतं आणि कुणी ऐकून घेतलं नाही ते सगळं तिथे होतं, दोन पावसाळ्यांचं. मी वाचत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी धुरावर ढकललं.

"लिहून घ्या म्हणायचं," मी म्हणालो.

"संदेश लिवून घ्यायचा तर पत्राचा नंबर लागतो. आकडा म्या सांगायचा, संदेश सायेबांनी द्यायचा. संदेश दिला की तिकडं जाडजूड बुकात चढतो, परत वाचून दावत्यात, पानांना छापील नंबर असत्यात, कुनाच्या बापाला फाडता येत न्हाय." त्यांनी वही पुन्हा पिशवीत घातली. "माज्याकडं कसला नंबर? म्या रोजंदारीवाला." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "सायेब, तुमी काय लिवनार?"

"बघतो," मी म्हणालो. दिवसात दुसऱ्यांदा.

त्यांनी मला खाट दिली आणि स्वतः खाली घोंगडीवर पडले. मी अहवालाचं ते एक वाक्य मनात लिहून बघत राहिलो. 'डबा उघडला गेल्याच्या खुणा आढळल्या.' कुठून बघावं तिकडून खरं होतं. मुंग्यांचं त्यात काही नव्हतं.

सकाळी पावणेआठला मरळ पट्टी वाचून आले. पाय धुतले, शर्टाचं वरचं बटण लावलं, संचावरचा रुमाल काढून घडी केला. आठला खरखर झाली.

"कंट्रोल, आंबेशेत. मरळ. एक पॉइंट तेहतीस."

"एक पॉइंट तेहतीस. ओके."

मरळांचा हात बटणाकडे गेला. मी म्हणालो, "थांबा, मामा," आणि मायक त्यांच्या हातातून घेतला. तो त्यांच्या मुठीने कोमट झालेला होता.

"कंट्रोल, एक संदेश आहे."

"कोण बोलतंय? आंबेशेत, फक्त आकडा सांगा."

"आकडा झाला. संदेश लिहून घ्या." मी खात्याचं पत्र उघडून जावक क्रमांक वाचला, एकेक अंक सुटा करून.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "बोला. सावकाश बोला."

मी मरळांकडे न बघता भिंतीकडे बघून बोललो. "आंबेशेतचा डबा तपासला. डब्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही. मेमरीची चीप बदलली होती आणि तिच्या चुका दुरुस्त करायची सोय अपुरी ठेवली होती. चुकांची सूचना देणारी ओळ मुद्दाम बंद केली होती. साडेतीन मीटरच्या वर डब्याचा आकडा खोटा आहे. एकोणीस जूनपासून मरळ यांनी कळवलेला प्रत्येक आकडा बरोबर आहे. असे साठ डबे येणार आहेत, ते बसवू नयेत."

खरखर झाली. "सोय कोणी ठेवली? त्याचं नाव लागेल संदेशात."

"हेरंब साठ्ये."

"आणि संदेश देणार?"

"हेरंब साठ्ये."

मग त्या माणसाने सगळं परत वाचून दाखवलं, माझं नाव दोन्ही जागी, आणि शेवटी म्हणाला, "पान एकशे बारा. वेळ आठ वाजून सहा. ओके."

मी मायक खाली ठेवला. मरळ दाराच्या चौकटीत उभे होते. मला वाटलं, ते म्हणतील, काल रात्री तर 'कंपनीने' म्हणालात. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी संचावर रुमाल घातला, चारी कोपरे सारखे केले आणि म्हणाले, "सा मिन्टं. बावीस वर्सांत येवढा येळ कधी चालला न्हाय त्यो."

घाटातल्या वळणावर मला रेंज आली तेव्हा खांबेट्यांचे अकरा मिस्ड कॉल होते. बाराव्याला मी उचलला. "हेरंब, एक वाक्य लिहायचं होतं तुला," ते म्हणाले. ते ओरडले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. साठ डब्यांची फाईल नामंजूर होऊन परत आली. दिवाळीनंतर मी राजीनामा दिला. खरं तर तो माझ्याकडून घेतला. माझ्यामागून आणखी चार जण घरी बसले, त्यांत देवधर होते, त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं होतं. त्या मंडळींपैकी कुणीही त्यानंतर मला फोन केलेला नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही. मरळांचं नाव यादीत राहिलं. मार्चमध्ये ते कायम झाले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा नीट डबा बसल्यावर चौकी बंद करून त्यांना तालुक्याच्या भांडारात पाठवलं. हे मला खात्यातल्या एका कारकुनाने सांगितलं. त्यांची-माझी पुन्हा भेट झाली नाही.

याला पंधरा वर्षं झाली. मी अजून चिंचवडलाच आहे. किरकोळ यंत्रं बनवून देतो. प्रत्येकात ती 'दुरुस्त केले'ची ओळ चालू ठेवतो, गिऱ्हाइकाने कितीही कटकट केली तरी. फ्लॅट तोच, शुक्रवार ते सोमवारही तोच.

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. घड्याळात आठ वाजले होते.

"आंबेशेत. मरळ," पलीकडचा आवाज म्हणाला. म्हातारा झालेला, पण तोच. "चार पॉइंट दहा."

"मामा? माझा नंबर कुठून मिळाला?"

"त्या पत्रावर व्हता तुमचा. म्या तवाच वहीत उतरून घेतला. आता नातीनं मोबाईल दिलाय."

"पण पट्टी आता कोण वाचतं?"

"म्याच. निवृत्त झालो, गावातच हाय. जातो सकाळी, पाय मोकळे होत्यात." आणि ते थांबले. आकडा सांगून झाला होता. ओके ऐकायची आणि बंद करायची त्यांची तयारी मला फोनमधून कळत होती.

"मामा," मी म्हणालो, "आकडा कळला. आता बाकीचं सांगा."

मग त्यांनी घसा साफ केला.

"पानी तांबडं आलंय, सायेब," ते म्हणाले, आणि मी गॅस बंद करून खुर्ची ओढून घेतली.